ट्रक परत घाल

वाड्यावर वीस घरं, रेंज एकाही घरात नाही.
ती मिळते काजूच्या चढावर, एका काळ्या फातरापाशी,
तिथेही तोंड केप्याकडे केलं तरच.
म्हणून तिन्हीसांजेला आम्ही फातरावर:
सुकडीमावशी, तिची सून गुलाबी,
मोगी वेळीप, गुडघ्यांना तेल चोळत,
आणि मी, बी.ए. होऊन परत आलेली,
हातात तडकलेला फोन.

पणजीहून निरोप होता:
लाल चौकटीचं कापड नेसलेल्या बायका हव्यात,
खांद्यावर गाठ, केसांत अबोली,
मागे हिरवं रान, जमल्यास हसऱ्या.
मी वाचून दाखवलं.
सुकडीमावशीने आपल्या मॅक्सीकडे पाहिलं,
मॅक्सीवरच्या टॉवेलकडे पाहिलं.
"कापड पेटीत आहे, बाये.
ते मांडावर जाताना नेसायचं.
झरीचा फोटो काढ.
तिला खाणवाल्यांनी नेसवलंय तांबडं."

मग ती बोलली, फोनकडे न बघता,
समोर कोणी बसलंय अशी:
"साहेब आला. नकाशा उघडला. नकाशात झर नाही.
म्हणाला, तुम्ही इथल्याच कशावरून?
मी त्याला घेऊन गेले.
थोरला जन्मला ती ही भिरंड.
धाकटी जन्मली तो माड्डीचा रुख तुमच्या रस्त्यात गेला.
अर्धा पुरावा उभा आहे, म्हटलं,
अर्धा तुम्ही नेलात. दोन्ही लिहा.
त्याने काही लिहिलं नाही. पाणी मागितलं.
दिलं. टँकरचं."

गुलाबी सासूपुढे बोलत नाही.
सासू उठून सरपण बघायला गेली, मुद्दाम,
तेव्हा म्हणाली:
टँकर रात्री अकराला येतो.
ड्रायव्हर काय बोलतो ते मी सांगणार नाही.
एवढंच घाल, की आम्ही दोघी-दोघी जातो,
आणि एकीच्या हातात कोयती असते.

मोगीने धालोची एक ओळ म्हटली, दुसरी म्हटली,
तिसरीच्या तोंडाशी थांबली.
"पुढचं मांडाबाहेर म्हणत नाहीत. तो पालथा घाल."
मी फोन पालथा घातला.
मग तिघी म्हणाल्या, पुढचं सगळं,
हळू, गुडघ्यावर बोटांनी ताल धरून.
ते मी इथे लिहिणार नाही.

रात्री घरी ऐकलं.
मावशीच्या बोलण्यातून नऊ ट्रक गेले होते.
भिरंड म्हणताना एक. धाकटी म्हणताना एक, मोठा.
मी ते पुसत बसले, पहाटे दोनपर्यंत,
एकेक घरघर बोटाने खाली ओढत.
उरला तो आवाज पातळ,
डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

सकाळी तिला ऐकवलं.
तिने फोन कानाशी धरला, मग लांब धरला, मग परत कानाशी.
"ही कोण?"
तूच की.
"मग ट्रक कुठे गेला?"
काढला.
ती माझ्याकडे बघतच राहिली.
"बारा वर्षं आम्ही अर्ज करतोय तो काढायला.
मामलेदार झाले, कलेक्टर झाले,
माझा घोव अर्ज करता करता मेला.
आणि तू एका बोटाने काढलास?"
हसली. खोकली.
"परत घाल. नऊच्या नऊ.
नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल,
म्हातारी उगाच ओरडून बोलते."

आता परत फातरावर.
तोंड केप्याकडे, हात वर.
चाळीस टक्के. बेचाळीस.
मोगी विचारते, पोचलं?
जातंय.
चढाने जातंय ना, म्हणते, वेळ लागणारच,
आणि बोंडातली बी पिळून काढते.
खाली दहावा गेला.
तो ह्यात नाही.