कुठलं हे?

बावीस वर्षं मी गणित शिकवलं
एका शब्दावर.
हे आणि हे सारखं,
म्हणून हे इकडं आणलं, की हे गेलं,
उरलं ते हे.
मग खडूनं फळ्यावर दोनदा ठोकायचं.
झालं शिकवून.

शिवनंदा बिरादार आठवीत आली जूनमध्ये,
देवणीच्या पलीकडनं, चुलत्याच्या फटफटीवर.
तिसऱ्या तासाला उभी राहिली :
“सर, कुठलं हे?”
पोरं हसली. मीही हसलो जरासा, आवाज न करता.
तिला ते ऐकू गेलं.

रात्री जेवताना बायकोला म्हणालो, ते दे गं.
ती म्हणाली, ते म्हणजे? मीठ का ठेचा?
घास हातातच राहिला.

मंगळवारी मोमीन सर येतात उदगीरहून.
सात शाळा, एक गाडी,
पिशवीत ब्रेलची मराठी, ब्रेलचा इतिहास.
गणिताचं? “मागवलंय.”
त्यांचाही असा एक शब्द आहे.
म्हणाले, तोवर हाताला येईल ते घ्या.

हाताला काय येणार?
शाळेच्या भिंतीला लागून कडब्याची गंज.
धांड्याची साल सोलून बाजू केल्या,
शिरोबिंदूंना चिंचोके,
सुतळीचं वर्तुळ,
आणि खाली भाच्याच्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा.
तिची बोटं एका चिंचोक्यावरनं दुसऱ्यावर गेली,
परत आली,
तिसऱ्यापाशी थांबली.
“काटकोन न्हाई हा, सर. फाकलाय.”
पुस्तकाचा कोपरा आत बसवून दाखवला.
खरंच. डिंक वाळताना सरकला होता.
बावीस वर्षांत माझा काटकोन
कुणी तपासला नव्हता.

आता बोलतो.
डावीकडं, वरून दुसरी ओळ, क्षचा वर्ग,
अधिक पाच क्ष, खाली आडवी रेघ.
घसा बसतो. तास पुरत नाही.
श्रावणात एकदा ओरडलो तिच्यावर,
सगळ्यांसाठी थांबू का तुझ्यासाठी थांबू?
दोन दिवस आली नाही.
तिसऱ्या दिवशी आली, तेव्हा तिच्या बाकापाशी जाऊन म्हणालो,
पान त्रेचाळीस, उदाहरण चौथं, पहिल्यापासून.
मला माफी तेवढीच मागता येते.

मागच्या भिंतीला टेकून बसणारा बाबू गोपनर
पाचवीपासून कधी काही विचारत नव्हता.
एक दिवस म्हणाला, सर, आता कळूलालंय.
त्याला फळाच दिसत नव्हता
हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं,
चष्म्याचा नंबर आला तेव्हा.
तीन वर्षं मी त्याच्या प्रगतीपुस्तकावर लिहीत होतो :
लक्ष देत नाही.

काल सवयीनं पुन्हा निसटलं तोंडून,
म्हणून हे इकडं आणलं, की –
अख्खा वर्ग एका दमात :
कुठलं हे?
बाबू सगळ्यात मोठ्यानं.
शिवनंदा काही बोलली नाही.
उत्तराच्या एक पायरी अलीकडं
पुठ्ठ्यावर बोट ठेवून
ती माझी वाट बघत बसली होती.