चंद्रोदय वाचेपर्यंत

शाळेत शाल्मली जी अक्षरं शिकते
त्यांच्या डोक्यावर रेघ नसते.
बडोद्यात ती तशीच फिरतात, बोडकी,
सेव-उसळीच्या गाडीवर, बसच्या कपाळावर,
हंसाबेनच्या दारावरच्या ‘पधारो’त.
घरातल्या मराठीला मात्र छप्पर,
आणि त्यावर हिचा राग.
‘बाबा, यांना पत्रे कोणी ठोकले?’

मी मकरपुऱ्यात दिवसभर पत्रेच ठोकतो.
म्हणालो, त्या दिवशी मी रजेवर असेन.

मराठी छापलेलं घरात एकच:
सोलापूरच्या मावशीनं पाठवलेली दिनदर्शिका,
दुधाच्या खाड्यांनी भरलेली.
रोज एक चौकोन वाचायचा, असं ठरलंय.

आजच्या चौकोनात संकष्टी.
वृंदाचा उपास. दोन कप चहा, मूठभर शेंगदाणे.
मोदक झाकून ठेवलेत.
ओट्याला टेकून ती म्हणते,
‘चंद्र किती वाजता, बघ गं शमू.’

शाल्मली स्टुलावर चढते.
बोट पानावर, नखात पेन्सिलीचं काळं.
‘च.
चं.’
मग बराच वेळ काहीच नाही.
‘बाबा, या द-च्या पायात काटा रुतलाय.’

ओठाशी आलेला शब्द मी गिळतो.
सांधा लाल असताना
हात लावायचा नसतो, एवढं मला कळतं.
वृंदा माझ्याकडे बघते: सांगून टाका ना.
कुकरची वाफ केव्हाच निवलीय.
मी नुसती मान हलवतो.

‘चं-द-रो. चंदरो.
चंद्रो…
थांबा ना, सांगू नका!’
मी कुठं काय सांगत होतो?

‘चंद्रोदय!’
आणि आता गावांची यादी.
मुंबई, पुणे, नाशिक, बोट खाली खाली.
‘वडोदरा नाहीच यात.’
‘बडोदे बघ.’
‘ते कुठे आलं?’
वृंदा हसते, उपाशी माणूस हसतो तसं,
आवाज न करता.
‘आपण राहतो ते,’ मी म्हणतो.
शाल्मलीला पटत नाही.
एका गावाला दोन नावं, आणि दोन्ही खरी?
शाळेतली शाल्मलीबेन, घरातली शमू
मला विचारते.

आकडे मात्र तिनं झटकन वाचले.
आकड्यांना कुठेच छप्पर नसतं.
‘नऊ सव्वीस.’

घड्याळात नऊ पस्तीस.

‘अगंबाई, आला पण?’
वृंदा तांब्या घेऊन गॅलरीत पळते.
समोरच्या सोसायटीच्या टाकीमागे
चंद्र नऊ मिनिटं
ताटकळत उभा.

‘अहो, पानं घ्या!’ तिकडून हाक येते.
शाल्मली अजून स्टुलावरच आहे.
बोट उद्याच्या चौकोनात सरकलंय,
ओठ हलतायत.
‘पं.
पंच.’

‘थांब जरा,’ मी म्हणतो,
‘हिचं काहीतरी चाललंय.’