तिसऱ्या रिळात मरणारा

त्याचं नाव आम्हाला कधी कळलंच नाही.
सेलूच्या दिलशाद टॉकीजमध्ये इंग्रजी खेळाची नावं
वझीरमियाँ दाखवतच नसत.
'वाचणार कोण? थेट घोडे सोडतो.'

म्हणून बारसं आम्हीच केलं : गैबू.
मोंढ्यामागच्या गैबू नालबंदासारखाच
खांदा एका अंगाला कललेला, गालावर चार दिवसांची खुंटं,
कुणी बोलायला लागलं की
ऐकण्याआधीच मान हलवणारा.

मी दारावर तिकिटं फाडायचो.
अकरा वर्षांत तो
टपालाची बग्गी हाकताना मेला,
गुत्त्यात गल्ल्यामागे मेला,
एकदा तर शेरीफला कॉफीचा पेला देता देता मेला
आणि पेला सांडू दिला नाही.
नायकाला टोपी काढायला
काहीतरी निमित्त हवं असायचं.
त्याच्या घोड्याचं पुढं काय झालं
ते कुठल्याच खेळात दाखवलं नाही.

एकदा खरा गैबू आला.
खुर्चीत बसला नाही, भिंतीला टेकून उकिडवा.
पडद्यावर हा नाल ठोकत होता, कोपऱ्यात,
पुढं नायक-नायिकेचं काहीबाही चाललेलं.
गैबू म्हणाला, 'खूर मांडीत बरोबर घेतलाय.
खिळे ओठांत. ह्यानं लाथ खाल्लेली आहे कधीतरी.'
आणि गोळी सुटायच्या आत उठला.
'काम बघितलं. मरण कशाला बघू?'

आमच्याकडं येईस्तोवर रिळं झिजलेली असायची.
हैदराबाद, नांदेड, परभणी,
जिथं तिथं तुटायची, जिथं तिथं चिकटवायची.
वझीरमियाँची कात्री लागून लागून
त्याचं मरण आखूड होत गेलं :
बार व्हायच्या आधीच तो जमिनीवर,
घाई असल्यासारखा.

मग त्या शनिवारी तिसऱ्या रिळाचा डबा
पूर्णेला फलाटावरच राहिला.
वझीरमियाँनी दुसऱ्याला चौथं जोडलं.
शिट्ट्या, शिव्या, एक चप्पल पडद्यावर.
नायक कुणाच्या तरी मातीपाशी टोपी काढून उभा,
आणि कुणाला कळेना, कुणाच्या.

खेळ सुटल्यावर दाराशी
एका पोरानं विचारलं, 'गैबू मध्येच कुठं गेला हो?'
मी कडी लावत म्हणालो,
'असेल मोंढ्यात.
उद्या बाजार आहे.'