जेवणाची सुट्टी

चिहो, तू कालच खातं उघडलंस म्हणून सांगते,
मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या दिवशी पहाटे चारला भात शिजत लावला
आणि फोन घेऊन बसले.
आकडे कालचेच. हलेनात.
म्हटलं, झालं, फोन बिघडला.
बाजार नऊला उठतो, बाई.
आपल्यासारखा नाही तो.

आणि साडेअकराला जेवायला जातो.
हसू नकोस, खरंच जातो.
टोकियोचा एवढा मोठा बाजार,
पण साडेअकरा झाले की गप्प, पानावर बसल्यासारखा.
साडेबाराला येतो परत,
साडेतीनला दिवसाचा हिशेब मिटवतो.

नेमक्या त्याच तासाला माझ्या दुकानासमोर रांग.
बँकेतल्या मुली, स्टेशनवरचे टॅक्सीवाले,
तो दाढ दुखणारा पोस्टमन, ज्याला भात मऊच लागतो.
तो जेवतो तेव्हा मी वाढत असते.
मी भांडी घासून हात पुसते
तेव्हा तीन पस्तीस.
एकदा घाईत, ओल्या बोटानं,
सोया सॉसवाल्या कंपनीचे शंभर विकायचे
ते शंभर घेतले.
अजून आहेत. वर्षाकाठी एक पेटी पाठवतात बाटल्यांची.
असू देत.

सुट्ट्यांची यादी फ्रिजवर लावली आहे, बघ.
समुद्राचा दिवस, बंद.
डोंगराचा दिवस, बंद.
म्हाताऱ्यांच्या मानाचा दिवस, बंद;
त्या दिवशी माझ्याकडून दुप्पट डबे जातात,
माझा मान कोण ठेवणार?
एप्रिल सरताना आणि वर्ष सरताना
सुट्ट्या एकीला एक लागून येतात.
आदल्या दिवशी हात आवरता घे.
आपलं दार बंद असलं तरी
न्यूयॉर्कची चूल पेटलेली असते,
उघडल्यावर पुढ्यात काय वाढून ठेवलंय
ते कुणालाच ठाऊक नसतं.

ओबोन मात्र यादीत नाही.
तीनदा पाहिली. चष्मा पुसून पाहिली.
ऑगस्टच्या मध्यावर गेलेली माणसं घरी येतात,
त्यांना भेटायला असलेली माणसं गाड्या भरभरून येतात,
अर्धं मात्सुए शटर ओढून बसतं,
आणि बाजार चालू.

पैसे तेत्सुजीच्या विम्याचे, तुला माहीतच आहे.
शिंजी तळ्यावरून शिंपल्या घेऊन आला,
होडी बांधता बांधता बसला,
तो बसलाच.
त्या वर्षी ओबोनला दुकान बंद ठेवलं,
दाराशी कंदील लावला
आणि पहिल्यांदाच अख्खी सकाळ आकड्यांसमोर काढली.
आठ वर. बारा खाली. तीन वर.
मोठ्यानं वाचत होते, त्याच्या फोटोकडे बघून.
बघ, म्हटलं, तुझे पैसे
कसे वरखाली होतायत,
झोपलेल्या माणसाच्या छातीसारखे.

साडेअकरा वाजले.
आकडे थांबले.

खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला.
मग आठवलं.
उठले, शिंपल्यांचं सार गरम केलं,
दोन वाट्या मांडल्या.
एवढ्या वर्षांच्या संसारात
दुपारचं जेवण आम्ही एकत्र
कधी जेवलो नव्हतो गं.
त्याचं तळं, माझं दुकान.

साडेबाराला आकडे पुन्हा हलले.
मी पाहिले नाहीत.
त्याच्या वाटीतली वाफ विरेपर्यंत बसून होते.

तेवढी वेळ लक्षात ठेव, साडेअकरा.
बाकीचं सगळं फ्रिजवर आहे.