तेरा खाचा

हेर हासेलब्रिंक दुकानात शिरण्याआधी
पायपुसण्यावर बूट पुसतात, तीनदा,
मग सिगारचा पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवतात,
आत अंडी असावीत तसा.

चाळीस वर्षं त्यांनी नाउम्बुर्गच्या बाजारात
वजनमापं तपासली.
खाटकाचा काटा दोन ग्रॅम खोटा निघाला
तर रात्रभर झोपायचे नाहीत, म्हणतात.
आता ते पदकं तोलतात.

मी चौकटी करते. काच, मखमल, मागे पुठ्ठा.
फुलपाखरं केलीत, नवरीचा मर्टलचा मुकुट केलाय,
एकदा एका न्हाव्याचे सात वस्तरे.
पदकं पहिल्यांदाच.

"बोट लावू नका," ते म्हणाले, "घामाने गंज चढतो."
पांढरे हातमोजे घालून त्यांनी एकेक मांडलं
आणि खिशातून काढलं
दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक.
खरा क्रूस उडी मारतो.
खोटा पडून राहतो, शहाण्यासारखा.

सहा क्रूस चौदा सालचे, चांदीच्या कडेचे,
मध्ये ओतीव लोखंड, काळवलेलं.
एकाच्या कडीवर कारखान्याची अक्षरं,
खसखशीएवढी. मला भिंग दिलं.
मी "हो, दिसली" म्हटलं. दिसली नव्हती.

मग एक कागदी पाकीट.
आत क्रूस, तलवारींविना, काळ्या लाखेचा,
विधवांना देत तो.
पाकिटावर पेन्सिलीने: हिल्डेगुंट ट्रॉपिश.
नवरा सोळा साली गेला,
हा आला चौतीस साली, तोही अर्ज केल्यावर,
मृत्यूचा दाखला जोडून.
अठरा वर्षं लोखंडाचे चणे खाल्ले बाईने,
वर हा एक, मुखशुद्धीला.

मागची टाचणी सरळ. कधी कपड्यात शिरलेलीच नाही.
"त्यामुळे किंमत दुप्पट," हासेलब्रिंक म्हणाले
आणि माझ्याकडे न बघता
पाकिटाची घडी नीट करत राहिले.

मी विचारलं, क्रम कसा लावायचा?
"दर्जा, मग साल, मग वजन."
आणि हिचा दर्जा?
त्यांनी वही चाळली. मागे, पुढे.
शेवटी मीच तिला वरच्या ओळीत
एकटीची जागा कापून दिली.
त्यांनी हरकत घेतली नाही.

तेरावा रुमालात होता.
पंचेचाळीसच्या जूनमध्ये, रशियन यायच्या आधी,
त्यांच्या आईने तो गूजबेरीच्या झुडपाखाली पुरला
आणि कुठल्या झुडपाखाली ते विसरली,
किंवा विसरले म्हणाली.
पुढे पन्नासेक वर्षांनी, ती गेल्यावर,
याच चुंबकाने तो मातीतून ओढून काढला.
वडिलांचा. सतरा ग्रॅम, मातीसकट अठरा.

कुठे मिळाला होता त्यांना?
"पूर्वेला," ते म्हणाले.
ग्रॅमशिवाय न बोलणारा माणूस
म्हणाला, पूर्वेला.

चौकट संघाच्या हॉलमध्ये लागणार होती,
तिथे मधलं ते वाकड्या पायांचं चिन्ह उघडं चालत नाही.
मी चामड्याचा पंच घेतला,
काळ्या कागदाची टिकली पाडली,
मसुराच्या दाण्याएवढी.
एवढीच पुरली. मला वाटलं होतं
मोठी लागेल.

उन्हाळा संपता संपता ते परत आले,
चौकट चादरीत गुंडाळून, काखेत.
गोंद सुटला होता.
टिकली खाली, काच आणि मखमलीच्या फटीत,
आणि वर ते, उघडं,
किती दिवस, कोणास ठाऊक.
"माझ्या लक्षात आलं नाही," म्हणाले.
ज्यांना खसखस वाचता येते, ते.

मी काच काढली. नवी टिकली पाडली.
या वेळी त्यांनी ती माझ्या हातून घेतली,
स्वतः बसवली, वर अंगठा दाबला.
एक मिनिट पुरे, मी म्हटलं.
ते तसेच उभे,
अंगठा तिथेच,
हातमोजा काउंटरवर.