घडी

लेफ्टनंट आला, कोवळा, कानांमागे वस्तऱ्याची ताजी खूण.
टेबलावर रेकॉर्डर ठेवला. चहा नको म्हणाला, मग दोन कप प्यायला.
तुकडीचा इतिहास लिहायचाय, मिस सूटर,
तेव्हा काय घडलं ते सांगा.

बाळा, मी विमानात कधी बसले नाही.
विमानवाहू जहाज पाहिलं तेही धक्क्यावरून, धुक्यात,
एखादं गाव वाट चुकून समुद्रात शिरावं तसं.
घडलं ते त्यांना विचार. माझ्याकडे फक्त घड्या आहेत.
लॉसीमथच्या शेडमध्ये, लांबच लांब टेबलाशी,
पॅराशूटच्या. सोळा वर्षं.

आई हेरिंग साफ करायची, बोटांना चिंध्या गुंडाळून;
मीठ आत शिरून बोटांची साल झालेली.
भरतीच्या बाईनं माझे हात उलटेसुलटे पाहिले,
रेशीम अडकणार नाही ना, एवढंच.
चोवीस पट्ट्या, चोवीस दोर, वर वजनाच्या पिशव्या,
शेवटी कार्डावर सही: इ. सूटर.
ज्याच्यासाठी, त्याचं नाव नसायचं.

हे लिही: पहिली विमानं सीफायर.
जमिनीवरचं पाखरू, पोटाखाली आकडा बांधून समुद्रावर आणलेलं.
हवेत देखणं. उतरताना गुडघे कच्चे.
पहिल्या वर्षी शत्रूनं दोन नेली, डेकनं अकरा.
तुकडीच्या चिन्हावर कुररी, चोचीत दोर धरलेली,
खाली लॅटिन. पाद्रीबुवांनी अर्थ सांगितला: सुटू नये.

कॉलम पिरी दहा शिलिंगांची नोट घेऊन आला.
रीतच होती, छत्री उघडली की घडी घालणारीला बक्षीस.
नॉर्वेजवळ उडी मारली होती त्यानं, विनाशिकेनं उचललं.
नोट देताना हात इतका थरथरला
की मीच त्याला स्टूल दिलं.
पुढच्या मार्चमध्ये, इथंच समोर, सरावात,
त्याच्या विमानाच्या आकड्याला दोर सापडला नाही.
डेकपासून पाण्यापर्यंत साठ फूट.
साठ फुटांत छत्री उघडत नाही.
हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

युद्ध संपलं, तुकडी मोडली.
कोरियासाठी पुन्हा उभी केली, पुन्हा मोडली.
तुमच्यात नंबर मरत नाही, कपाटात निजवून ठेवतात,
गरज लागली की झटकून दुसऱ्यांच्या अंगावर चढवतात.
मग जेट आली. डेक तिरका झाला.
हातात पंखे घेऊन खुणा करणाऱ्या माणसाच्या जागी आरसा बसवला.
आता आरशात बघून उतरतात म्हणे! आम्ही पोरी किती हसलो.

त्याच हिवाळ्यात भाऊ डोडच्या जाळ्यात, तळाच्या माशांबरोबर,
एक गाठोडं आलं.
त्यानं ते मेणकापडात गुंडाळून माझ्या पायरीवर ठेवलं
आणि बूट न काढता निघून गेला.
कार्डावरची शाई गेलेली. पण कोपरा आत दुमडायची खोड माझीच.
पट्टे सोडलेले होते.
म्हणजे पाण्यात तेवढा वेळ तो होता.

रात्री स्वयंपाकघरात आईच्या मासे चिरायच्या सुरीनं दोरा कापला.
एकेक पदर निघत गेला, चिखल, रेती, पदर,
चुलीपासून दारापर्यंत.
एकही घडी चुकली नव्हती.

हे तुमच्या कागदांत नाही. डोड बोलला नाही, मी बोलले नाही.
ते बंद कर म्हटलं तर त्यानं केलं,
मग म्हणाला, नंबर पुन्हा उठवतायत, नवं जहाज,
कुररी तीच राहणार.
बरं झालं, मी म्हटलं. आणि कार्डावर सही?
ती अजून कुणी करतं का?

त्याला ठाऊक नव्हतं.
तो इतिहासासाठी आला होता.