पुढे ढकला

फेअरबँक्स. दुपारचे पावणेतीन, आणि बाहेर अंधार पडलाय.
लष्कराच्या इस्पितळात, तळमजल्यावर माझं टेबल:
एक स्क्रीन, एक स्कॅनर,
आणि मोजे वाळत घातलेला हीटर.

एकोणतीस वर्षं मी फायली सांभाळल्या.
फायलींना वास असायचा,
आयोडीनचा, डिझेलचा, कुणाच्या तरी सांडलेल्या कॉफीचा.
जाडजूड फाईल हातात आली की कळायचं,
या माणसानं बरंच सोसलंय.
आता सगळे सारख्याच वजनाचे.

आज समोर तविता लेआताउआ बसलाय,
पागो पागोचा, खुर्चीत न मावणारा.
डाव्या कानानं ऐकू येत नाही,
म्हणून मान कायम तिरकी,
जणू मी त्याला काही गुपित सांगणार आहे.
पेन्शनसाठी त्याला एकच नोंद हवीय:
स्फोट झाला होता,
आणि तो त्यात होता.

मी तारीख टाकते.
चक्र फिरतं. फिरतच राहतं.
'या कालावधीत नोंद आढळली नाही.'
अकरा दिवस कोरे.
अलीकडे दात तपासलेले,
पलीकडे रक्तदाब, एकशे अडतीस,
आणि मधे माणूसच नाही.

"तिथं नेटवर्क नव्हतं, मिस वर्ना," तो म्हणतो.
"तिथं प्यायला पाणी नव्हतं."

मग पाकिटातून काढतो
प्लास्टिकमध्ये जपलेली बोटभर चिकटपट्टी.
मांडीवर लावली होती. केस अजून चिकटलेत तिला.
काळ्या मार्करनं, घाईघाईत:
१४२०. मॉर्फिन १०. डा. कान रक्त. बोलतोय.
खाली दोन अक्षरं. ओ. बी.

बोलतोय.
गोळीबार चाललेला असताना
एवढा एक शब्द कशाला लिहिला असेल पोरानं?
त्याच्यासाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

मी पट्टी स्कॅन करते, केसांसकट.
सिस्टिम विचारते, कागदपत्राचा प्रकार?
एक्केचाळीस पर्यायांची यादी खाली घरंगळत येते.
मी ती दोनदा वाचते.
पट्टी नाही. मांडी नाही.
'इतर'वर बोट ठेवते.
लढाईतलं बरंचसं शेवटी इतरमध्येच जातं.

नोंद करणाऱ्याचं नाव?
"बेलँड," तविता म्हणतो. "ओरिन. मायनॉटचा.
चार दिवसांनी, त्याच रस्त्यावर."
पुढचं तो सांगत नाही. मीही विचारत नाही.
नाव टाइप करताना माझी बोटं अडखळतात,
कारण हे नाव माझ्या ओळखीचं आहे.

'वापरकर्ता निष्क्रिय.'

आता ही पट्टी कर्नलीणबाईंच्या सहीला जाईल.
त्या करतील, सोमवारपर्यंत, बहुतेक.
तविता उठतो, पट्टी परत मागून घेतो,
आणि माझ्या हीटरवरच्या मोज्यांकडे बघून हसतो.
दार लोटताना गार वारा आत येतो,
त्याला तो समोअनमध्ये काहीतरी शिवी देतो.

मी एकटीच.
थंडी सुरू झाली की लस राहिलेल्यांची यादी येते माझ्याकडे.
चौथं वर्ष आहे हे, त्यात एक नाव ठरलेलं.
बेलँड, ओरिन. वय आपोआप वाढत जातं, आता सत्तावीस.
पेनिसिलिन चालत नाही.
वर पिवळी पट्टी: फ्लूची लस बाकी.

जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये येताना
मरणाची खूण वाटेत कुठंतरी गळून पडली.
मी तीन तक्रारी केल्या.
तिन्ही 'निवारण झाले' म्हणून बंद.
चौथी केली नाही. का, ते कुणी विचारू नये.

तीन बटणं आहेत.
दिली. हे खरं नाही.
रुग्णानं नकार दिला. छे,
तो पोरगा कशाला नाही म्हणाला असेल?
पुढे ढकला.

मी तिसरं दाबते.
किती काळ, ते विचारतं.
एक वर्ष.
त्याहून जास्त ते देत नाही.